मदत हवी आहे : आंब्याच्या हंगामातील पैसा वर्षभर कसा पुरवावा?

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमे असून एप्रिल-मे या दोन महिन्यांत हाती येणाऱ्या रकमेवरच घरखर्च आणि पुढील मोहोराच्या फवारण्या भागवाव्या लागतात. वडील ६७ वर्षांचे आहेत. आजवर ते पैसे गावच्या पतपेढीत ठेवत. मात्र हल्ली मोबाइलवर दामदुप्पट करून देणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून त्यांचे मन डळमळू लागले आहे. काल पासबुकाच्या मागच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने मांडलेला दामदुप्पटीचा हिशेब पाहिला आणि मला खरोखर काळजी वाटली.

बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतपेढीला ते नाही, हे मी त्यांना समजावले आहे. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना दर तिमाहीला व्याज देते, पण मुद्दल ५ वर्षांसाठी अडकते आणि मुदतीपूर्वी काढल्यास कपात होते. फवारणीचा खर्च तर डिसेंबरातच उभा राहतो.

आपल्यापैकी बागायतदारांनी किती रक्कम हाताशी ठेवली आणि किती मुदतीत गुंतवली? तसेच, वडिलांचा मान राखून त्यांना त्या व्हिडिओंपासून कसे परावृत्त करावे, हेही कृपया सांगावे.