मदत हवी आहे: बँकॉक विमानतळावरून टॅक्सी कशी करायची? (तातडीचं)

खडेबाजार_बेळगाव
नमस्कार. येत्या परवा रात्री बाबा आणि काका बँकॉकला निघणार आहेत. तिकिटं झाली, हॉटेल झालं. विमानतळावरून हॉटेलपर्यंत टॅक्सी कशी करायची आणि किती घेतात, एवढंच विचारायचंय. दोघांची पहिलीच परदेशवारी. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, आणि कृपया लवकर.

टिळकवाडीकर
कुठल्या विमानतळावर उतरणार?

खडेबाजार_बेळगाव
बँकॉकच्या. बंगळूरहून थेट आहे.

टिळकवाडीकर
थेट असलं तरी बँकॉकला विमानतळ दोन आहेत. तिकिटावर तीन अक्षरं बघा. बीकेके असेल तर सुवर्णभूमी, शहराच्या पूर्वेला. डीएमके असेल तर डॉन मुआंग, उत्तरेला. रांग, भाडं, रेल्वे, सगळं वेगळं. हॉटेल कुठल्या भागात आहे तेही लिहा.

उद्यमबाग
एवढं काय त्यात? ग्रॅब टाका फोनमध्ये, ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप आहे. भाडं आधीच दिसतं, पैसे रोख दिले तरी चालतात. मी कंपनीच्या कामाला जातो तेव्हा दुसरं काही बघतच नाही. मीटरवाल्याशी कोण डोकं लावणार?

खानापूर_जांबोटी
ग्रॅब ग्रॅब काय करूलालाय? त्यांचे बाबा फोनवर ते करतील का, हे विचारा की आधी. नेट नको काय त्याला? किती वाजता उतरूलालेत, सामान किती, हे काहीच सांगितलं नाही यांनी.

खडेबाजार_बेळगाव
बीकेके आहे. पहाटे ४:४० ला उतरतं. हॉटेल प्रातूनामला, कपड्याचा होलसेल बाजार आहे तिथं. बाबा व्हॉट्सॲप वापरतात, त्यापलीकडे ॲप नाही जमत. मराठी, कन्नड, हिंदी येतं, इंग्रजी कामापुरतं. जाताना दोघांच्या दोन लहान बॅगा. काकांचे गुडघे दुखतात. आता सांगा.

शहापूरची_सून
आता चित्र दिसलं. मी सांगते, आमच्या घरचा साडीचा आणि रेडीमेडचा धंदा आहे, प्रातूनामला आमचं जाणं असतं.

सामान घेऊन बाहेर आलं की तो दुसरा मजला असतो. तिथं सूट घातलेली माणसं 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येतात. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने पहिल्या मजल्यावर उतरायचं. तिथं दाराबाहेर यंत्रं लावलेली आहेत. दोघांना साधी टॅक्सी पुरते, तिचं बटण दाबायचं. चिठ्ठी येते, तिच्यावर नंबर असतो, त्या नंबरच्या जागी उभी असलेली गाडी आपली. ती चिठ्ठी ड्रायव्हरने मागितली तरी द्यायची नाही. तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा आपल्या हातात असतो.

गाडीत बसल्यावर मीटरकडे बघायचं. ३५ बाटपासून (बाट म्हणजे तिथलं चलन) सुरू होतो. पोचल्यावर मीटरवर जे येईल ते, त्यावर विमानतळाचे ५० बाट, आणि वरून मोठ्या रस्त्याने गेलं तर टोल. टोल नाक्यावरच आपण रोख द्यायचा. प्रातूनामला पहाटे गर्दी नसताना सगळं मिळून ४०० च्या आसपास बसतं. 'सात-आठशे फिक्स' म्हणाला तर उतरायचं, परत चिठ्ठी काढायची. मागे दहा टॅक्सी उभ्याच असतात.

निपाणीकर
ते ५० बाट वाचवायचे असतील तर चौथ्या मजल्यावर जायचं. तिथं लोकांना सोडायला टॅक्सी येतात, रिकाम्या परत जाताना आपल्याला घेतात. मी असंच करतो.

टिळकवाडीकर
म्हाताऱ्या माणसांना हे शिकवू नका. तिथून गाडी घेऊ देत नाहीत, रखवालदार हाकलतात. चिठ्ठी नाही म्हणजे गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, काही नोंद नाही. पन्नास बाटसाठी पहाटे पाच वाजता अनोळखी शहरात बिनचिठ्ठीच्या गाडीत बसायचं?

निपाणीकर
मला कधी कोणी हाकललं नाही. आणि चिठ्ठीवालासुद्धा मीटर टाकत नाही कधीकधी, तेव्हा चिठ्ठी काय कामाची?

शहापूरची_सून
दादा, चिठ्ठी हातात असली की तो ताणत नाही, एवढं नक्की. तक्रारीचा नंबर १५८४ आहे, आणि पर्यटक पोलीस ११५५. दोन्ही कागदावर लिहून द्या. नुसता ११५५ लावून दाखवला तरी सूर बदलतो.

मच्छे_पिरनवाडी
टॅक्सी कशाला पण? विमानतळाच्या तळात, बी मजल्यावर रेल्वे आहे. पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होते, इमिग्रेशनच्या रांगेतून सुटेपर्यंत तेवढे वाजतातच. शेवटच्या आधीचं स्टेशन राचप्रारोप, तिथून प्रातूनाम चालत. ४५ बाटच्या आत काम. अर्ध्या तासात पोचतात. रस्त्याची दाटी नाही, भांडण नाही. आपल्याकडची माणसं उगाच टॅक्सीत पैसे घालतात.

खानापूर_जांबोटी
काकांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय वर. वाचा की जरा. तिथल्या फुटपाथवरून बॅग ओढत जायचं म्हणजे काय ते चालून बघितलंय काय?

मच्छे_पिरनवाडी
चाललोय म्हणूनच सांगतोय. स्टेशनला सरकता जिना आहे. धडधाकट माणसाला दहा-पंधरा मिनिटं.

शहापूरची_सून
धडधाकट माणसाला. इथे प्रश्न काकांचा आहे. जाताना टॅक्सीच बरी. उलट हॉटेल ते बाजार अशी रोजची रपेट चालूनच करावी लागेल, तेव्हा पहिल्याच पहाटे गुडघे कशाला दमवायचे?

उद्यमबाग
एक विचारू? पहाटे सहाला हॉटेलात पोचून करणार काय? खोली दुपारी दोनला मिळते. आधी ईमेल करून ठेवा, नाहीतर दोघं लॉबीत बसून राहतील. टॅक्सीपेक्षा ही अडचण मोठी आहे.

खडेबाजार_बेळगाव
मी टॅक्सीचं विचारलं होतं. पण हे बघतो.

सांबरा_रोड
बंगळूरपर्यंत कसे जाणार? वंदे भारत पहाटे सुटते, दुपारी पोचवते. तिथून मॅजेस्टिक बसस्थानकावरून विमानतळाला जाणारी वायु वज्र बस. विमानाने जाऊन पैसे घालवू नका.

वडगावकर
त्यापेक्षा गोव्याचं मोपा विमानतळ जवळ. चोर्ल्यातून गेलं की झालं.

सांबरा_रोड
पावसाळ्यात चोर्ला घाटातून मध्यरात्री गाडी घालणार? आणि गोव्यातून टॅक्सीने परत येताना काय भाव सांगतात ते माहीत आहे का? बँकॉक परवडलं.

खडेबाजार_बेळगाव
बंगळूरपर्यंतचं सगळं ठरलंय हो. बँकॉकचं बोला. ड्रायव्हरला हॉटेल कुठं ते सांगायचं कसं? इंग्रजी नाव दाखवलं की पुरतं का?

टिळकवाडीकर
नाही पुरत. बऱ्याच ड्रायव्हरांना फक्त थाई लिपी वाचता येते, आणि एकाच नावाची दोन-तीन हॉटेलं असतात. हॉटेलला आजच लिहा, थाई लिपीत पत्ता आणि फोन नंबर पाठवा म्हणावं. मोठ्या अक्षरात छापून दोघांच्या खिशात एकेक कागद. ड्रायव्हर तोच नंबर लावून हॉटेलवाल्याशी त्याच्या भाषेत बोलतो आणि दारात नेऊन सोडतो.

निपाणीकर
तंबाखू खाणारं किंवा ओढणारं कोणी आहे का? तंबाखू २५० ग्रॅम किंवा सिगारेट २०० पर्यंतच नेता येते. ई-सिगारेट अजिबात नको, तिथं बंदी आहे. आमच्या निपाणीचा माणूस म्हणून सांगतो.

शहापूरची_सून
आणखी एक, हे टॅक्सीच्याही आधीचं. थायलंडला आता येण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, १ मे २०२५ पासून. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं, म्हणजे तुम्ही आज बसून भरू शकता. दोघांचं वेगवेगळं. सरकारी साइटवर पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट उघडली तर ती लगेच बंद करा. भरून झालं की क्यूआर छापून द्या.

खडेबाजार_बेळगाव
हे कोणीच सांगितलं नव्हतं! एजंटने पण नाही. आत्ता बसतो. ताई, येताना माल असेल थोडा. तेव्हाही साधी टॅक्सी चालेल का?

शहापूरची_सून
थोडा म्हणजे किती? तिथल्या बऱ्याच टॅक्सी गॅसवर चालतात, टाकी डिकीतच असते, निम्मी जागा तिनेच खाल्लेली. दोन मोठ्या बॅगा असल्या तर हॉटेलवाल्याला मोठी गाडी बोलवायला सांगायचं. गठ्ठ्याने माल घेणार असतील तर प्रातूनामलाच कार्गोवाले आहेत, त्यांच्याकडे द्यायचा. आणि संध्याकाळचं विमान असेल तर फार आधी निघा, त्या भागात चौकातून चौकात जायला पाऊण तास लागतो.

खानापूर_जांबोटी
बाट इथूनच बदलून न्या थोडे. सगळ्या हजाराच्या नोटा घेऊ नका, पहाटे ड्रायव्हरकडे सुटे नसतात, किंवा नाहीत म्हणतो. वीसच्या, शंभरच्या मागून घ्या. बाकीचे तिथं बदलायचे.

मच्छे_पिरनवाडी
बाकीचे बी मजल्यावर, रेल्वेच्या बाजूला. वरच्या काउंटरपेक्षा दर चांगला. आणि तिथं गेलातच तर रेल्वे समोरच आहे.

खडेबाजार_बेळगाव
रेल्वे नको, टॅक्सीच. दोघांची कार्डं भरून झाली. हॉटेलने थाईत पत्ता पाठवला, खोली सकाळी अकराला देतो म्हणालेत, तोवर बॅगा ठेवून घेणार. काका विचारताहेत, टोलचे पैसे मीटरमध्ये धरलेले असतात की वेगळे?

शहापूरची_सून
वेगळे. नाके बहुतेक दोन लागतात, एकाला २५ आणि एकाला ५० बाट. काकांना पुढच्या खिशात शंभरची एक आणि वीसच्या चार-पाच नोटा ठेवायला सांगा. नाका आला की ड्रायव्हर हात मागे करतो, तेव्हा द्यायचे. टोल असा हातात दिला, तर उतरताना तो पुन्हा द्यायचा नाही. मीटर आणि वरचे ५०, बस्स.