उत्तर आलेलं नाही, तरी आभार? तुमचे अनुभव लिहा

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला जो उभा राहतो, त्याचं काम बहुतेक वेळा झालेलं असतं. नोकरी लागलेली असते, ऑपरेशन पार पडलेलं असतं, घरात पाळणा हललेला असतो. ज्यांचं अजून काहीच हललेलं नाही ते मागच्या बाकांवरून 'आमेन' म्हणतात आणि घरी जाऊन तीच प्रार्थना पुन्हा करतात. हा धागा त्यांच्यासाठी.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:६) प्रेषित पौल विनंती आणि आभार एकाच दमात सांगतो. आधी मिळू दे, मग आभार, असा क्रम तिथे नाही. तेही तो कैदेत असताना. आपण जगणार की मरणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, पहिल्याच अध्यायात तो तसं लिहितो. वचन पाठ असतं हो आपल्याला. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत असताना ते करायचं कसं, ते लिहा. एकच विनंती: 'मी आभार मानले आणि आठवड्यात काम झालं' अशा साक्षी इथे नकोत. जमलं नसेल तर तेही लिहा, संकोच नको.

बाळाची वाट पाहणारी

'हन्नासारखी प्रार्थना कर' (बायबलमधली, मूल व्हावं म्हणून रडून प्रार्थना करणारी ती) हे इतक्यांदा ऐकलंय की मला हन्नाचाच राग यायला लागला होता. मग १ शमुवेलचा पहिला अध्याय स्वतः बसून वाचला. तिचं ते गाजलेलं स्तुतिगीत दुसऱ्या अध्यायात आहे, म्हणजे शमुवेल झाल्यानंतरचं. मी अडकले ती १:१८ वर. एली याजकाशी बोलून ती परत जाते, जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. अजून दिवस गेलेले नाहीत बरं का. पदरात काय, तर एका म्हाताऱ्या याजकाचा शब्द. आणि त्यानेही आधी तिला प्यायलेली समजून झापलेलं!

त्या जेवणाबद्दल कोणी प्रवचन देत नाही. मला मात्र तेच उपयोगी पडलं. दर महिन्याला ती तारीख आली की मी बाथरूमचं दार लावून रडते. तोंड धुताना पुटपुटते, 'देवबापा, ह्यांनी आज काही विचारलं नाही, त्याबद्दल आभार.' दार उघडलं की हे टॉवेल घेऊन उभे असतात, नजर दुसरीकडे. याला उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, म्हणायचं की नाही ते जाणकारांनी सांगावं. मला त्या दिवशी यापेक्षा मोठं काही म्हणता येत नाही, आणि खोटं म्हणायचं नाही एवढं ठरवलंय.

नोकरी शोधणारा

ताई, ही शंभर नंबरी उपकारस्तुती आहे. जाणकारांची वाट बघू नका.

माझी पद्धत जरा कारकुनी आहे. एक वही केलीय. डाव्या पानावर कुठे अर्ज केला ते, उजव्या पानावर त्या दिवसाचे आभार. नियम असा की 'श्वास, छप्पर, कुटुंब' लिहायचं नाही. ते तोंडात बसलेलं असतं, मन कुठेही असलं तरी निघतं. त्या दिवशी घडलेलंच हवं. त्यामुळे उजव्या पानावर काय काय आलंय बघा: 'एका ठिकाणाहून चक्क नकार कळवला. बाकीचे तेवढेही कष्ट घेत नाहीत.' 'मुलाखतीत बाईंनी मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारलं, पण उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकलं.' 'जुन्या सहकाऱ्याचा फोन आला आणि त्याने स्वतःच्या बढतीचा विषय काढला नाही.'

मन हलकं झालं वगैरे म्हणणार नाही. एक फरक मात्र पडला. आभार नेमके झाले तसं मागणंही नेमकं झालं. पूर्वी 'प्रभू, नोकरी दे' एवढंच असायचं. आता 'उद्या फोनवर बोलताना माझा आवाज कापू नये' असं मागतो. आवाज कधी कापतो, कधी नाही. नोकरी अजून नाही.

व्यसनी मुलाची आई

मला जमलं नाही. तुम्ही लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते.

मुलगा सुधारतो, परत घसरतो. घरातली वस्तू नाहीशी झाली की मी आधी कपाट बघते आणि मग त्याचा चेहरा. अशा घरात कोणी येऊन 'ताई, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८' असं सांगून गेलं की वचन अंगावर फेकल्यासारखं वाटतं. वचन खरंच आहे. सांगणारा निघून जातो, त्याचा त्रास होतो.

मला आधार स्तोत्र ८८ चा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळतात. स्तोत्र १३ बघा, सुरुवातीलाच चार वेळा 'किती काळ' विचारतं आणि सहाव्या ओवीपर्यंत गाऊ लागतं. ८८ वळत नाही. शेवटच्या ओळीतसुद्धा अंधारच आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. माझ्यासारखीलाही देवाच्या घरात जागा आहे हे मला त्यावरून कळलं.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) कधी कधी स्तोत्र १३६ आळीपाळीने वाचतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'त्याची दया सनातन आहे', सव्वीस वेळा. माझा आवाज दहा-बारा ओळींनंतर बंद पडतो. शेजारच्या बाई थोडा आवाज चढवतात, माझ्याकडे न बघता. माझ्या वाटचे आभार त्या मानतात असं मी समजते.

*(धागा काढणारा मध्येच लिहितोय. वरचं वाचून कोणाला 'ताई, विश्वास वाढवा' असं लिहावंसं वाटलं तर कृपा करून लिहू नका.)*

एक पाळक

ताईंच्या शेजारच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्या करतात ते मंडळीचं खरं काम.

मला एका गोष्टीवर बोट ठेवायचंय. 'आधी आभार माना, मग देव देईल' ही शिकवण फार पसरलीय. आधाराला दोन जागा हमखास येतात. २ इतिहास २०, यहोशाफाट राजाने सैन्यापुढे गायक ठेवले आणि लढाई जिंकली. आणि योहान ११:४१, मेलेला लाजर अजून कबरेत असताना येशूने पित्याचे आभार मानले आणि मग लाजर जिवंत होऊन बाहेर आला. दोन्ही जागा खऱ्या. पण त्यातून सूत्र काढलं की आभार म्हणजे देवाला दिलेली आगाऊ रक्कम होते. मग काम झालं नाही की माणूस आपलीच रक्कम कमी पडली म्हणून स्वतःला कोसत बसतो. असे लोक माझ्याकडे येतात आणि त्यांना सावरायला फार वेळ लागतो.

मी त्यांच्यासमोर मत्तय २६ उघडतो. भोजनाच्या वेळी येशू प्याला घेतो आणि आभार मानतो. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो दुसऱ्या एका, दुःखाच्या प्याल्याबद्दल विनवतो, हा माझ्यापासून टळो. तीन वेळा. तो प्याला टळत नाही. संध्याकाळचे आभार कमी पडले म्हणून रात्रीची विनंती नाकारली गेली, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

दानीएलाचंही तसंच. ६:१० मध्ये, राजाशिवाय कोणाचीही प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकू, या फर्मानावर राजाची सही झाल्याचं कळल्यावर तो घरी जातो, उघड्या खिडक्यांपाशी गुडघे टेकतो आणि दिवसातून तीनदा प्रार्थना करून आभार मानतो, पूर्वी करत असे तसंच. पूर्वीचीच सवय ती, सिंहांसाठी नवीन काढलेली युक्ती नव्हे. त्यामुळे मी लोकांना सांगतो, बरे दिवस असतानाच ही सवय लावा. संकटात नव्याने लावायला जड जाते. अर्थात संकट आलेलंच असेल तर हा सल्ला कुचकामी आहे, हेही मान्य.

रिपोर्टची वाट पाहणारी

मी कॅथलिक आहे, चालेल ना? आमच्याकडे दिवसाच्या शेवटी करायची एक प्रार्थना आहे, संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापलेल्या 'आध्यात्मिक साधने'तली. आपला दिवस देवासमोर तपासायचा. त्यात पहिली पायरी आभाराची, चुकांची उजळणी त्यानंतर. पूर्वी मी उलटं करायचे, आधी पापं आठवायचे आणि तिथेच झोप लागायची.

बायॉप्सीचा रिपोर्ट यायचाय. पुढच्या आठवड्याबद्दल देवाशी काही बोलायला गेलं की घशाशी येतं. आजच्या दिवसाबद्दल बोलता येतं. तेवढंच बोलते.

ज्याला 'नाही' हे उत्तर मिळालं

आईसाठी आम्ही उपास प्रार्थना केल्या. आई गेली. वाट बघणं संपलं, त्यामुळे मी या धाग्यात बसतो की नाही माहीत नाही.

आईच्या जाण्याबद्दल मी आभार मानलेले नाहीत, कोणी मागूही नयेत. पौलाने 'शरीरातल्या काट्या'साठी, म्हणजे कुठल्याशा छळणाऱ्या त्रासातून सुटण्यासाठी, तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं ऐकायला मिळालं (२ करिंथकरांस १२). मला तेवढंही स्पष्ट ऐकू आलेलं नाही. मात्र शेवटच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी एकेकाचं नाव घेऊन आभार मानायची, त्यात नर्सबाई, सफाईवाले, आणि जिच्याशी तिचं आयुष्यभर पटलं नाही ती माझी आत्यासुद्धा. आत्याचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा मी आणि बहीण एकमेकांकडे बघतच राहिलो. ती यादी बहिणीने लिहून ठेवलीय. आम्ही दोघं फोनवर ती म्हणतो. आत्यापाशी आलं की अजून हसू येतं.

एक प्रश्न विचारायचाय

सगळं वाचलं. माझा अनुभव नाही, अडचण आहे. आम्ही नवरा-बायको एकत्र प्रार्थना करतो. घराच्या वादाची केस लांबत चाललीय. ते मोठ्याने, मनापासून आभार मानतात आणि मला त्याच क्षणी संताप येतो, की यांना काही लागतच नाही का? डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना दिसत नाही. पाळकसाहेब, किंवा वरच्या बाथरूमवाल्या ताई, अशा वेळी वेगवेगळी प्रार्थना केलेली बरी, की शेजारी बसून तोंड मिटून राहिलेलं चालतं? तुम्ही दोघांनी काय केलं असतं ते सांगा.