प्रति: डेलिगेटपद आणि अडकलेल्या एन्डोर्समेंट

म्हापशाच्या मित्राने वर विचारलंय की नेशनस्टेट्समध्ये (प्रत्येकाने एक काल्पनिक राष्ट्र चालवायचा ऑनलाइन खेळ) सगळे ‘तुम्हीच डेलिगेट (रीजनचा, म्हणजे राष्ट्रांच्या गटाचा, प्रतिनिधी) व्हा’ म्हणतात, पण त्यासाठी लागणाऱ्या एन्डोर्समेंट (पाठिंबे) वाढत नाहीत. कारण बहुतेकदा एकच: हो म्हणणारा वर्ल्ड असेंब्लीचा (खेळातली, संयुक्त राष्ट्रसंघासारखी सभा) सदस्यच नसतो. एन्डोर्समेंट फक्त सदस्यच देऊ शकतो, तीही त्याच रीजनमधल्या दुसऱ्या सदस्याला. म्हणून आधी रीजनमधले सदस्य आणि बिगरसदस्य वेगळे काढा. बिगरसदस्याला अर्ज करायला सांगा आणि पुष्टीची ईमेल स्पॅममध्येही बघायला लावा. अर्धे लोक तिथेच अडकतात.

मग सगळ्या सदस्यांना आधी तुम्ही एन्डोर्स करा. त्यांना सूचना जाते, बरेच जण परतफेड करतात. रीजनमध्ये एन्डोर्समेंटची मर्यादा ठरलेली असेल तर मात्र ती ओलांडू नका, हकालपट्टी होऊ शकते.

आपल्या गोव्यात 40 मतदारसंघ, तेही लहान, म्हणून उमेदवार वाड्यावाड्यावर पोचतो. इथेही तसंच करा. सगळ्यांना एकच टेलिग्राम (खेळातला निरोप) नको. नाव घ्या, एकच ठोस काम सांगा (‘प्रत्येक ठरावावर मत देण्याआधी रीजनमध्ये कौल घेईन’) आणि खाली तुमच्या राष्ट्राच्या पानाची लिंक द्या.

दुसऱ्या खात्याने सदस्यत्व घेऊ नका, एका माणसाला एकच. प्रचाराच्या मध्येच राजीनामा दिलात किंवा रीजन सोडलीत तर मिळालेल्या सगळ्या एन्डोर्समेंट जातात.

आणि आघाडी मिळाली तरी पद लगेच बदलत नाही, दिवसातून दोनदा होणाऱ्या खेळाच्या अपडेटला बदलतं. आपल्या घड्याळात ते अपडेट अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना सकाळ-रात्री 9.30 च्या सुमारास सुरू होतं, एरवी 10.30 ला.