पहिल्यांदाच वार्षिक संमेलनाला जातेय, भिंतीवरच्या पतंगांच्या वह्या नेऊ का?

रातवही:

पुढच्या महिन्यात आमच्या फुलपाखरू-पतंग मंडळाचं वार्षिक संमेलन आहे. सभासद होऊन दोन वर्षं झाली, अंक नेमाने वाचते, पण प्रत्यक्ष कधी गेले नव्हते. यंदा नाव नोंदवताना अर्जात 'सभासदांची दहा मिनिटं' असा रकाना दिसला आणि मी तिथे खूण केली. आता कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापून आलंय आणि धाकधूक सुरू झालीय.

माझ्याकडे आहेत त्या पाच वह्या. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं. बारा, दोन, चार. वळवून झालं की मला परत झोप लागायची नाही, मग मी जिन्यात जाऊन उभी राहायचे. तिथे रात्रभर दिवा असतो आणि भिंत पांढरी आहे. भिंतीवर बसलेले पतंग मी लिहून ठेवायला लागले. तारीख, वेळ, किती, कसे बसलेत, आणि जमेल तेव्हा फोटो. पंख कौलासारखे उतरते, की भिंतीला सपाट चिकटलेले, की शेपटाकडचा भाग वर उचललेला. नावं येत नव्हती म्हणून माझी मीच ठेवली: तिरकी रेघ, राखेचा ठिपका, फाटकं पान, पांढरा पट्टा, खुंटी. असं सव्वाचार वर्षं चाललं. बाबांना जाऊन आता वर्ष होईल, पण चारचा गजर मी अजून काढलेला नाही.

वहीत साधारण दोनशे तीस प्रकार आहेत आणि खरं नाव लावता आलंय ते जेमतेम चाळिसांना. तर असं अर्धवट काम जाणत्या लोकांसमोर ठेवावं का? शिवाय दिव्याखाली मेलेले सापडले ते मी काड्यापेट्यांत ठेवलेत, ते बरोबर न्यावेत का? आणि पत्रिकेवर सगळीकडे फुलपाखरांचीच चित्रं आहेत. तिथे पतंगांचं कुणाला काही वाटेल का?

जुना जाळीवाला:

ताई, वह्या न्याच.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जगात खवलेपंखी कीटकांच्या सुमारे १,६०,००० जातींची नोंद झाली आहे आणि त्यांत फुलपाखरं आहेत १८ ते २० हजार. बाकी सगळे पतंग. पत्रिकेवर फुलपाखरू असतं कारण ते दिवसा दिसतं. संमेलनात मात्र सगळ्यात जास्त माणसं रात्री पतंगांसाठी दिवा लावून टांगलेल्या पडद्याभोवती जमतात, हे तुम्ही बघालच.

मी अशा एकवीस संमेलनांना गेलोय. सकाळी व्याख्यानं होतात, दुपारी हिशेब आणि निवडणुकीची सभा, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. हे सगळं चांगलंच असतं. पण तुम्हाला वेळ काढायचाय तो दोन ठिकाणी: पतंगांची ओळख पटवायचं टेबल, आणि अंधार पडल्यावर लावलेला पांढरा पडदा. माझ्या पहिल्या संमेलनात मी माझी नमुन्यांची पेटी दोन दिवस खुर्चीखाली ठेवली होती. निघायच्या सकाळी एका वयस्क सभासदाने ती स्वतःहून मागून घेतली, भिंग लावून सगळी पाहिली आणि एकच विचारलं, "वेळ लिहिली आहे का?" मी तारखा लिहिल्या होत्या, वेळ नव्हती. ती चुटपुट अजून आहे. तुमच्या वहीत पहिल्या रात्रीपासून वेळ आहे.

ती इतकी मोलाची का, ते सांगतो. अमेरिकेत रेशीमपतंगांच्या कुळात कॅलोसेमिया नावाची एक प्रजाती आहे, तिच्यात तीन जाती. तिघींचं जवळचं नातं आहे, बंदिस्त ठेवल्या तर त्यांचा संकरही होतो. बाहेर मात्र त्या बहुतांशी वेगळ्या राहतात, कारण एकीच्या माद्या भर दिवसा, दुपारच्या आसपास नरांना गंध सोडतात, दुसरीच्या दुपार उतरल्यावर आणि तिसरीच्या अंधार पडल्यावर. म्हणजे मधलं कुंपण घड्याळाचं. आता आपण काय करतो? सातला पडदा लावतो, बारापर्यंत डोळे मिटायला लागतात, दिवा बंद. पहाटे दोन ते चार या वेळेच्या आमच्या नोंदी फार थोड्या आहेत. तुमच्याकडे सव्वाचार वर्षांच्या आहेत, त्याही एकाच भिंतीवरच्या. तेव्हा दहा मिनिटांत दोनशे तीस प्रकार दाखवायला जाऊ नका. चार वाजताचं एकच पान दाखवा आणि ते नीट वाचून दाखवा.

काड्यापेट्यांचं: आत हलणारे पतंग प्रवासात चुरा होऊन पोचतात. प्रत्येक पतंग कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवा, पुडीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा, मग पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. निघण्याआधी तो डबा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर नमुने खाणारे बारीक भुंगेरे तुमच्याबरोबर संमेलनात येतील आणि दुसऱ्यांच्या पेट्यांत शिरतील. काही जातींना कायद्याचं संरक्षण असतं, त्या मेलेल्या सापडल्या तरी जवळ ठेवता येत नाहीत. तेही आधी मंडळाला विचारून घ्या.

सूक्ष्मपतंग:

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. न्या जरूर, पण दोनशे तीसचे दोनशे तीस नावासकट परत आणायचे अशा हट्टाने नेऊ नका.

टेबलावर बसणारी माणसं प्रेमळ असतात आणि समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवायला त्यांना जड जातं. त्या ओघात फोटोवरून नाव सांगितलं जातं, ते वहीत चढतं आणि पुढे वर्षानुवर्षं चुकीचं राहतं. पतंगांच्या कितीतरी जाती पंखांवरून वेगळ्या करताच येत नाहीत, पोटाच्या टोकाचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. तुमचा 'राखेचा ठिपका' ही एक जात आहे की चार, ते फोटो सांगणार नाही. कुळापर्यंत खात्री असेल तर कुळापाशी थांबा. तीही पूर्ण ओळखच आहे.

तुमची स्वतःची नावं मात्र खोडू नका. ती तुम्ही पाहून ठेवलेली आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि खरं नाव मिळेल तेव्हा शेजारी लिहा, तारखेसकट आणि कोणी सांगितलं त्यासकट.

फोटो कापून मोठे करू नका. मिशा दिसल्या पाहिजेत. पुष्कळ पतंगांत नराच्या मिशा फणीसारख्या असतात आणि मादीच्या दोऱ्यासारख्या, त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी दोन प्रकार म्हणून मोजले जातात. उलटही होतं. यापुढे शेजारी मोजपट्टी धरा. तोंडाचा भाग बाजूने टिपा. आणि खालचे पंख, जेव्हा दिसतील तेव्हा. बसलेल्या पतंगाचे वरचे पंख सगळं झाकून टाकतात.

मोजदाद:

दोन प्रश्न. काहीच आलं नाही अशा रात्री वहीत आहेत का? आणि दिवा सव्वाचार वर्षं तोच होता का?

पहिला यासाठी की, 'शून्य' लिहिलेलं नसेल तर त्या रात्री पतंग नव्हते की तुम्ही पाहिलं नाही, हे नंतर कोणालाच कळत नाही. फुलपाखरांची मोजणी आज जगभर एका ठरलेल्या पद्धतीने करतात, ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी बसवलेल्या. तीच वाट, आठवड्यातून एकदा, दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्यातच दिसेल ते मोजायचं. तिकडची राष्ट्रीय नोंद १९७६ पासून अशीच चालू आहे. तिचं बळ सगळं त्या 'तीच वाट'मध्ये आहे. तुमची भिंत ही तुमची वाट.

दुसरा यासाठी की, पतंग दिव्याच्या ओढीने लांबून येतात असं आपण समजतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दिसलं. उडता कीटक रात्री पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण एरवी उजळ बाजू म्हणजे आकाश. दिव्याजवळून जाताना तो पाठ दिव्याकडे वळवतो आणि तिथेच घिरट्यांत अडकतो. म्हणजे भिंतीवर दिसतात ते जवळून जाणारे आणि त्या दिव्याने अडवलेले. जुन्या ट्यूबलाइटच्या नळीतून थोडा अतिनील उजेड येतो, साध्या पांढऱ्या एलईडीतून जवळजवळ येतच नाही. दिवा बदलला की मोजमापच बदललं.

आणि वह्यांची नक्कल काढा, आजच. २५ मार्च १७४८ रोजी लंडनच्या कॉर्नहिलला मोठी आग लागली. ऑरेलियन सोसायटी हे फुलपाखरं-पतंगवाल्यांचं फार जुनं मंडळ, त्यांची सभा स्वान टॅव्हर्नमध्ये चालू होती. आग इतकी झपाट्याने आली की काही जण टोप्या आणि काठ्याही मागे टाकून पळाले. संग्रह, पुस्तकं, सगळं जळालं. मंडळ त्यातून सावरलंच नाही. कोषाला त्या काळी ऑरेलिया म्हणत, काही कोषांवर सोन्यासारखी झाक असते म्हणून. नाव तेवढं उरलं.

रातवही:

शून्याच्या रात्री आहेत. रिकामी ओळ सोडून वेळ लिहिली आहे, कारण बाबांना वळवल्याची खूण मी त्याच पानावर करत होते.

दिव्याचं वाचून मात्र बराच वेळ सुन्न बसले. तिसऱ्या वर्षी जिन्यातली नळी बदलून एलईडी बसवली. त्यानंतर पतंग कमी झाले, आणि मी वहीत लिहिलंय, 'यंदा पाऊस लांबला म्हणून कमी.' दिवा मनातच आला नाही. बदलल्याची तारीख शोधतेय.

रातवही: (पाच आठवड्यांनी)

जाऊन आले. सगळ्यांना सांगायचं होतं.

दिव्याची तारीख सापडली, दुरुस्तीच्या पावतीवर होती. चौथ्या वहीत त्या दिवशी लाल रेघ मारली आणि दहा मिनिटांची सुरुवात तिथूनच केली: या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. मग चार वाजताचं पान वाचलं. पावसाळ्यातल्या एका रात्रीचं, सतरा ओळींचं. आवाज पहिल्या चार ओळींपर्यंत कापत होता. नंतर एका बाईंनी विचारलं, रोज चारलाच का? मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, जेवणाच्या सुट्टीत येऊन शेजारी बसल्या आणि वही पहिल्या पानापासून वाचत राहिल्या.

टेबलावर 'पांढरा पट्टा' लगेच सुटला: स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस. उष्ण प्रदेशात जवळजवळ सगळीकडे सापडतो, अळी पालक-राजगिऱ्याच्या पानांवर वाढते. 'खुंटी' म्हणजे पिसपतंगांचं कुळ. त्यांचे पंख पिसांसारखे चिरलेले असतात आणि बसताना गुंडाळून आडवे धरतात, म्हणून भिंतीत खुंटी मारल्यासारखे दिसतात. जात सांगितली नाही, मी मागितलीही नाही. 'राखेचा ठिपका' किमान तीन प्रकारचा निघाला. सूक्ष्मपतंग, तुमची आठवण झाली.

'फाटकं पान'चा फोटो पाहून त्यांनी विचारलं, "खालचे पंख पाहिलेत कधी?" पाहिले नव्हते. सव्वाचार वर्षांत नऊदा आला आणि नऊही वेळा सुक्या पानासारखा मिटून बसलेला. त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला पडद्याच्या खालच्या कडेला एक येऊन बसला. कोणीतरी गवताच्या काडीने अगदी हळू स्पर्श केला आणि त्याने पंख उघडले. खाली भडक नारिंगी, त्यावर काळा वाकडा डाग, काळी कड. मी किंचाळलेच. युडोसिमा, फळात सोंड खुपसून रस पिणारा पतंग. तो डाग स्वल्पविरामासारखा होता म्हणून त्यातली फॅलोनिया ही जात. माझ्या भिंतीवरचे नऊही तेच होते असं मात्र मी लिहिलेलं नाही. त्यांचे खालचे पंख मी पाहिले नव्हते.

पडदा एक वाजता आवरायचा ठरला होता. त्या बाई म्हणाल्या, आज राहू दे. पाच जण थांबलो. वारा पडला होता, ढग होते, चंद्र नव्हता. दीडनंतर पडद्यावरची माणसं बदलावीत तसे पतंग बदलले, आधीचे मोठे निघून गेले, बारीक आणि फिकट यायला लागले. चारला माझा गजर वाजला. कोणी काही विचारलं नाही, सगळे उठून पडद्यापाशी आले. उजाडायच्या आत दिवा मालवला आणि पडद्यावरचे एकेक करून झुडपांत आत सोडले, नाहीतर सकाळी पक्षी तिथेच टिपतात.

त्या रात्रीची ओळ: ४.०५, ढगाळ, वारा नाही. तिरकी रेघ, दोन. एकाच्या मिशा फणीच्या, एकाच्या दोऱ्याच्या.