आयर्न क्रॉस (१९३९, द्वितीय श्रेणी) अस्सल आहे की नक्कल, कसं ओळखायचं?

नाणेवेडा:
द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन शौर्यपदक) विकायला आलाय. फीत ओवायच्या कडीवर ‘४’ ठोकलेलं आहे, लोहचुंबक चिकटतं, फीत मध्ये लाल आणि कडांना काळी. विकणारा सांगतो, मराठा पलटणीतल्या जवानाने इटलीहून आणलेला. काठ काळे पडलेत. पैसे देण्याआधी काय तपासू? थोडा घासून बघू का?

भिंगवाला:
घासू मुळीच नका! पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, काहीही नको. चौकटीचा आतला पट्टा मुद्दाम पांढुरका, मंद ठेवलेला असतो आणि बाहेरची कड तेवढी चकचकीत. हा फरक एकदा गेला की गेलाच.

आता बांधणी. अस्सल क्रॉस तीन तुकड्यांचा: मध्ये ठशाने दाबलेला, काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि पुढून-मागून चौकटीचे दोन अर्धे भाग, कडेला डाख देऊन जोडलेले. दहापट भिंगाखाली क्रॉस आडवा धरा आणि चारही बाहूंची कड फिरवून बघा. डाखाची बारीक रेघ कुठे ना कुठे सापडतेच. ओतीव नक्कल एकसंध असते, म्हणून काळा रंग चौकटीवर चढलेला दिसतो. चौकटीच्या आतल्या मण्यांच्या ओळीकडेही नीट बघा: ठशाचे मणी सुटे आणि टोकदार उठतात, ओतीव मणी एकमेकांत वितळल्यासारखे, मधे सुईने टोचल्यासारखी भोकं.

गाभ्याच्या मध्यावरच्या स्वस्तिकाचा रंग झिजला असेल तर खाली लोखंड किंवा तांबूस गंज दिसावा. चुंबकावर मात्र विसंबू नका, आजच्या नकलांतही लोखंडी गाभा घालतात. उलट बिनलोखंडी गाभ्याचे अस्सल नगही आहेत, पण क्वचित.

पदकसंग्राहक:
‘४’ हा सरकारकडून दिल्या जाणाऱ्या पदकांवरचा कारखान्याचा क्रमांक, म्हणजे जर्मनीतल्या ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर उंड ल्यूक ही कंपनी. याच कंपनीचा दुकानी विक्रीसाठीचा क्रमांक एल/१६; दोन याद्या वेगळ्या, गल्लत करू नका. पण कडी चिमट्याने उघडून बदलता येते, त्यामुळे नुसत्या आकड्याला फारशी किंमत नाही. बिनआकड्याचे अस्सल क्रॉसही भरपूर आहेत.

इथे खरी मेख पुढेच आहे. १९५७च्या पश्चिम जर्मन कायद्यानंतर स्वस्तिकाऐवजी ओकची पानं असलेले क्रॉस बनू लागले आणि ते बनवणाऱ्यांत हीच कंपनी होती. तशा चौकटीत स्वस्तिकवाला गाभा बसवला की अर्धा नग ‘अस्सल कारखान्याचा’ ठरतो! म्हणून चौकटीचे कोपरे आणि मणी युद्धकाळातल्या खात्रीच्या ‘४’ नगाशी ताडून बघा.

फीतवाली:
फीत अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. धागा निळा-पांढरा झळकला तर बहुधा युद्धानंतरचा. तेवढ्यावरून क्रॉस बाद करू नका, फीत बदललेली असू शकते.

मराठा पलटणी इटलीत लढल्या, एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीवरही होत्या, तेव्हा तशी वस्तू इकडे येणं शक्य आहे. पण जवानाचं नाव, पलटण, सेवापुस्तिका यातलं काही सोबत नसेल तर त्या हकिकतीपोटी एक रुपयाही जास्त देऊ नका.

नाणेवेडा:
कडेचे जवळून फोटो मागवले. खालच्या बाहूला रेघ स्पष्ट आहे, पण कडीचा सांधा नव्यासारखा चमकतोय आणि बाकी कडी काळी आहे.

पदकसंग्राहक:
मग कडी उघडलेली आहे. आकडा विसरा आणि बिनआकड्याच्या नगाचा भाव सांगा, तोही मणी ताडून झाल्यावरच.