‘काळजीखोर माणसाला झोप नीट लागत नाही’ : सहसंबंध, सहसा आणि एक अडलेलं वाक्य

लेखणी
मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. एका वाक्याचा आशय असा : काळजी करण्याची सवय आणि झोपेच्या तक्रारी यांच्यात ०.३ इतका सहसंबंध आढळला. (सहसंबंध म्हणजे दोन मापं किती जोडीने वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा : शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ.) मी लिहिलं, ‘काळजीखोर माणसाला झोप नीट लागत नाही (सहसंबंध ०.३).’ खर्डा धाकट्या बहिणीला वाचायला दिला. ती काळजी फार करते, पण झोपते गाढ. वाचून म्हणाली, “म्हणजे आज ना उद्या माझी झोप उडणारच.” ०.३ म्हणजे शंभरातल्या तीस जणांची झोप उडते, असंही तिने धरलं. मला फार वाईट वाटलं. हे गटाबद्दल आहे, वाचणाऱ्याबद्दल नाही, हे वाक्यातच कळेल असं कसं लिहू? आणि ‘सहसंबंध’ हाच शब्द ठेवू ना?

जुनी वही
ठेवाच. ही कल्पना मांडणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८८ साली शरीराच्या मापांवरचा निबंध मांडला, तेव्हा मध्ये आडवी रेघ देऊन ‘को-रिलेशन’ असंच लिहिलं होतं. सह अधिक संबंध, जोड अगदी तीच. नुसतं ‘संबंध’ लिहिलंत की वाचक लगेच कारण शोधतो. आणि कोरिलेशन देवनागरीत लिहून मोकळं होणं हा मला आळस वाटतो.

मोजपट्टी
आळस कसला? शिकवताना, शिकताना सगळ्यांच्या तोंडी कोरिलेशनच असतं. तोंडातला शब्द कागदावर यायला हरकत नसावी. पण बहिणीला फसवलं ते आकड्याने. दोन्ही मापं घंटेच्या आकारात पसरलेली आहेत, म्हणजे बहुतेक माणसं सरासरीच्या आसपास आणि टोकांना थोडी, असं धरा. काळजीत सरासरीच्या वर असलेली शंभर माणसं घेतली, तर झोपेत सरासरीच्या खाली त्यांतली साधारण साठ निघतील. काहीच संबंध नसता तर पन्नास निघाली असती. उरलेली चाळीस सरासरीपेक्षा चांगली झोपतात, तुमची बहीण त्यांतली. सहसंबंध ०.५ झाला तरी साठाचे सदुसष्टच होतात, आणि या विषयात ०.५ मोठा मानतात. स्वभावाच्या चाचण्या आणि प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ ०.३च्या वर क्वचित जातो, असं मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने १९६८ साली मांडलं आणि त्यावरून कित्येक वर्षं वाद झाला.

धागादोरा
आकडा समजावला तरी वाक्य बदलायलाच हवं. ‘काळजीखोर माणसाला झोप लागत नाही’ हे ‘मांजराला पाणी आवडत नाही’च्या सुरातलं आहे. एकवचन आणि रीतीचा वर्तमान एकत्र आले की तो जातीचा नियम होतो, आणि त्या जातीतला प्रत्येक जण स्वतःला त्यात पाहतो. ‘काळजी करणाऱ्यांमध्ये झोपेच्या तक्रारी थोड्या जास्त आढळतात’ असं करा. ‘आढळतात’ म्हटलं की कोणीतरी मोजलं, आणि ‘-मध्ये’ म्हटलं की गटात मोजलं, हे आपोआप येतं. ‘सहसा’ मात्र घालू नका. ‘ती सहसा रागावत नाही’ हे एकाच माणसाच्या अनेक वेळांबद्दल असतं, अनेक माणसांबद्दल नाही.

जुनी वही
‘या झाडाची फळं सहसा गोड निघतात’ यात अनेक फळंच आहेत की! गंमत अशी की संस्कृतात सहसा म्हणजे एकाएकी, विचार न करता. सहस् म्हणजे बळ, साहस त्याच घरातलं. मराठीत येऊन ते ‘बहुतेक वेळा’ झालं. माझी आजी नकाराशिवाय तो शब्द वापरायचीच नाही : सहसा येत नाही, सहसा मागत नाही. फळांचं माझं वाक्य ऐकून तिने नक्की टोकलं असतं.

मोजपट्टी
धागादोरा यांनी सहसाचे जे दोन अर्थ वेगळे केले ते इथे फार महत्त्वाचे आहेत. टंकलेखन घ्या. वेगाने टंकणारे सहसा कमी चुकतात, कारण सराव जास्त. हे अनेक माणसांमधलं. पण एकच माणूस नेहमीपेक्षा वेग वाढवतो तेव्हा चुका वाढतात. माणसामाणसांत ऋण सहसंबंध (वेग जास्त तिथे चुका कमी), एका माणसाच्या आत धन (वेग वाढला की चुकाही वाढतात). पहिला आकडा वाचून कोणी ‘वेग वाढव, चुका कमी होतील’ असा सल्ला दिला तर उलटंच होणार. काळजी कमी केली की बहिणीची झोप सुधारेल की नाही, हे त्या ०.३ला ठाऊकच नाही.

ऐकणारी
समुपदेशनाच्या कामात हे रोज समोर येतं. बालपणी हाल झालेल्यांना पुढे नैराश्य जास्त आढळतं असं वाचून एक जण आले. “मग माझं ठरलेलंच ना?” मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, तुम्ही भातावरून शिताची करताय. ते बराच वेळ गप्प बसले, मग रडले.

लेखणी, एक विनंती. ‘काळजीखोर’ काढा. चाचणीत थोडे जास्त गुण आले एवढ्यावर माणसाच्या कपाळी तो शब्द बसतो.

मोजपट्टी
म्हण आवडली. पण म्हणून ०.३ फेकून देऊ नका. हजारो लोकांसाठी काही ठरवायचं असेल तर एवढा कलही मोलाचा असतो.

शेवाळ
खोर म्हणजे खोड ना? काळजीची खोड असलेला तो काळजीखोर. लहानपणापासून मी असंच समजत आलो.

जुनी वही
नाही. खोर फारसी, अर्थ खाणारा. लाचखोर, हरामखोर, चुगलखोर सगळे तिथले. ‘चिंताळू’ लिहा. लाजाळू, दयाळू, झोपाळू यांच्या पंगतीत बसतो आणि बोचत नाही.

धागादोरा
चिंताळू हाही शिक्काच. विशेषण आलं की माणसाचा प्रकार ठरतो. ‘काळजी जास्त करणारे’ म्हणा, क्रियापद राहू द्या.

लेखणी
आता असं लिहिलंय : ‘काळजी जास्त करणाऱ्यांमध्ये झोपेच्या तक्रारी काहीशा जास्त आढळतात, तरी अशी अनेक माणसं सरासरीपेक्षा चांगली झोपतात.’ दुसरा भाग मूळ लेखात नाही. अनुवादात तो घालायचा मला अधिकार आहे का?

जुनी वही
मुळात नसलेलं घालू नका, तळटीप द्या. आणि धागादोरा, लाजाळू म्हटलेलं कोणाला लागलंय? भांडखोर म्हणून पाहा.

शेवाळ
पण मग खोडकर?