क्रँकपुलीचा बोल्ट हलेना

प्रश्न: टायमिंग बेल्ट बदलायचाय, त्यासाठी क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाची पुली काढायला हवी. पाचव्या गिअरमध्ये ब्रेक दाबूनही बार नुसता स्प्रिंगसारखा झुलतो. १० इंची एक्स्टेन्शन (जोडदांडी) लावून इंपॅक्ट गन (धक्के देत बोल्ट फिरवणारं मशीन) मारली, काही नाही. गॅसनं तापवू का?

उद्यमनगरकर: गॅस नको भावा! पुलीमागंच क्रँकचं ऑइल सील आहे, रबर जळालं की गळती सुरू. बऱ्याच पुल्यांच्या दोन कड्यांमध्येही रबर असतं. खोड एक्स्टेन्शनची आहे. लांब बारीक दांडी पिळवटते आणि गनचा धक्का मधेच खाते. जाड इंपॅक्ट सॉकेट थेट गनच्या तोंडाला लाव, सहा कोनीच. बारा कोनी डोकं गोल करतंय.

शिरोली नाका: गन शिरायला जागा नसेल तर पुलीत टॅप केलेली (आटे पाडलेली) भोकं आहेत का बघा. असली तर ८-१० मिमी जाड पट्टीला त्याच अंतरावर भोकं पाडून घ्या, लेथवाला करून देतो. पट्टी पुलीला बोल्टनं कसून चेसिसला टेकवा, पाऊण इंची बारवर चार फुटी पाइप चढवा. टायमिंग बेल्टच्या जोरावर इंजिन अडवू नका, दात जातील. आटे बहुधा उजवेच असतात, तरी मॅन्युअल बघा.

प्रश्नकर्ता: एक्स्टेन्शन काढली, सुटला! जुनाच लावू?

उद्यमनगरकर: मॅन्युअलमध्ये ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळल्यानंतर ‘अमुक अंश फिरवा’ असेल तर नवाच. आटे पुसून टॉर्क रेंचनं आवळ, गननं नको. सैल राहिला की पुली हलते आणि क्रँकवरचा चावीचा घाट (चावी बसायची खाच) खाते. मग क्रँकच बाहेर!